रस्त्याची रुंदी

आमची गल्ली अरसलार नदीच्या पलीकडे, साक्कोट्टैच्या रस्त्याला लागून आहे. कुंभकोणम गावातून यायचं तर पूल ओलांडायचा, थोडं पुढे यायचं आणि डावीकडे वळायचं. कोपऱ्यावर पहिलं घर होतं सारांचं. सार, तमिळ बोलीतले 'सर', म्हणजे वीज मंडळातून लाइन इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्या बायकोला मी अक्का म्हणायची. त्यांचं घर पुढून आमच्या गल्लीत उघडायचं, एक भिंत मोठ्या रस्त्याला लागून होती आणि परसू थेट तोपाला भिडलं होतं.

तोप म्हणजे जुनी राई. आंबे, मोह, जांभळं, दोन-तीन प्रचंड चिंचा, आणि कालव्याच्या अंगाला बांबूचं बेट. आमच्या बाजूच्या सगळ्या घरांच्या मागून ती वळसा घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत यायची. गल्ली तिथेच संपायची. शेवटी कुंपणाच्या बाहेर एक बकुळ होती, आणि तिच्यापुढे वाट नव्हती.

या बकुळीची फुलं वेचणं हे अक्कांचं रोजचं काम. सकाळी आंघोळ करून, ओले केस टॉवेलात गुंडाळून त्या वेताची परडी घेऊन निघायच्या. फुलं वेचून परत येताना घराघरात एक-एक ओंजळ द्यायच्या. मला देताना तमिळमध्ये "मगिळम्" म्हणायच्या, मी आमच्या भाषेत "बकुळ" म्हणायची. आम्हाला गल्लीत रायर म्हणतात. कित्येक पिढ्यांपूर्वी तंजावरच्या दरबाराबरोबर आलेली मराठी माणसं, एवढंच लोकांना ठाऊक. घरात आम्ही जी मराठी बोलतो ती ऐकून पुण्याचे पाहुणे हसू दाबतात. अक्कांना मात्र ती भाषा गोड वाटायची. माझ्या नवऱ्याला त्या मुद्दाम मराठीत "बरें?" असं विचारायच्या आणि उत्तराची वाट न पाहता पुढच्या घरी जायच्या.

त्या मूळच्या तिरुभुवनमच्या, रेशमी साड्या विणणाऱ्या घरातल्या. बोटं अजून तशीच चपळ होती. म्हणूनच, सार त्यांना आमच्या दुकानात घेऊन आले तेव्हा मला काही वेगळा संशय आला नाही.

आमचं चष्म्याचं दुकान आहे, देवळाजवळच्या बाजारात. नवरा गल्ला आणि काचा बघतो, मी डोळे तपासते. सार म्हणाले, "अम्मा, हिचा नंबर वाढलाय. फुलं ओवताना दोरा सुईत जातो, पण मग सुई हातात धरून बसून राहते. दिसत नसणार."

मी अक्कांना खुर्चीत बसवलं. तक्त्यावरची तमिळ अक्षरं त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. एकही चुकलं नाही. मी काचा बदलून पाहिल्या, मोतीबिंदू आहे का पाहिलं, सगळं वयाच्या मानानं चांगलं होतं. मग त्या खुर्चीतून उतरल्या, दुकानभर नजर फिरवली आणि सारांना म्हणाल्या, "इथे कशाला आलोय आपण?"

सार हसले. मलाही हसावं लागलं. पण त्या दोघांना रिक्षात बसवून देताना मी सारांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, "सार, डोळे ठीक आहेत. तंजावरच्या मेंदूच्या डॉक्टरांना एकदा दाखवा."

त्यांनी दाखवलं. आजाराचं नाव त्यांनी मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं की जे रोज करतात ते करू द्या, घर बदलू नका, वाट बदलू नका. त्यामुळे बकुळीची फेरी चालू राहिली. सार ओट्यावर पेपर घेऊन बसायचे आणि पेपराच्या वरून गल्लीच्या टोकापर्यंत बघत राहायचे. गल्ली सरळ होती, कुठेही चुकायला वाव नव्हता. अक्का जायच्या, वेचायच्या, परत यायच्या. एखाद्या दिवशी मला दोनदा फुलं मिळायची, एखाद्या दिवशी एकदाही नाही, इतकाच फरक.

पोंगल झाल्यावर तोपात माणसं आली आणि त्यांनी चुन्याच्या रेघा मारल्या.

तोपाचे मूळ मालक वारले होते. मुलं परगावी, परदेशी. त्यांनी जागा विकली हे आम्हाला त्या रेघा बघून कळलं. आठवड्याभरात मोठ्या रस्त्यावर फलक लागला. त्यावर उंच इमारती होत्या, खाली निळं पाणी होतं आणि आमच्या जिल्ह्यात कुठेही न उगवणारी त्रिकोणी झाडं होती. किती घरं होणार याबद्दल गल्लीत रोज नवा आकडा यायचा आणि प्रत्येक आकडा आदल्या दिवशीपेक्षा मोठा असायचा.

सारांच्या ओट्यावर सगळे जमले. मी गल्लीत लग्न होऊन आले तेव्हापासून इतकी माणसं एकत्र बसलेली मी पाहिली नव्हती. प्रत्येकाची भीती वेगळी होती. कुणी म्हणे, बोअरचं पाणी आधीच खाली गेलंय, एवढ्या घरांनी उपसलं तर आमच्या तोट्यांना फक्त हवा येईल. कुणी म्हणे, सांडपाण्याची नळी या भागात आलेलीच नाही, सगळं कालव्यात जाणार. गल्लीच्या टोकाला, समोरच्या ओळीत राहणाऱ्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, "आमची मुलं गल्लीत सायकल शिकली. उद्या इथून एकामागून एक गाड्या निघतील. शाळेची व्हॅन आणि कार समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं, एवढीशी ही गल्ली."

झाडांबद्दल सगळ्यात शेवटी सार बोलले. म्हणाले, "मी नोकरीत आयुष्यभर फांद्याच तोडल्या. तारेला टेकली की तोड. पावसाळ्याआधी तोड. मंत्री येणार, तोड. लोक शिव्या द्यायचे. पण अख्खं झाड कधी पाडू दिलं नाही मी. फांदी तोडली की झाड दुसरीकडून वाढतं. हे लोक मुळासकट काढणार आहेत. एप्रिल-मे मध्ये आपल्या घरात जी काही हवा येते ती या तोपातून येते. ती गेली की कळेल."

मला ते फार पटलं. घरी येऊन मी नवऱ्याला तसंच्या तसं सांगितलं. तो जेवत होता. म्हणाला, "आपलें घर बांधलें तेव्हां इथें काय होतें? तोपच होता. माझ्या बापानें दोन आंबे पाडून पाया घातला. त्या लाकडाचें दार अजून आहे."

मी चिडले. "म्हणून आता सगळंच पाडायचं?"

"तसें मी कुठें म्हटलें?" तो म्हणाला. "नव्या लोकांनाही घर पाहिजेच. एवढेंच म्हणतों." आणि मग दुसऱ्या दिवशी तोपासाठीच्या अर्जावर पहिली सही त्यानंच केली. माझा नवरा असा आहे.

बिल्डरचा एक तरुण इंजिनिअर होता. त्याला वाईट म्हणायला मला आजही जड जातं. पॅन्टला नेहमी माती लागलेली, सगळ्यांशी अदबीनं बोलायचा. तो सारांकडे आला होता. त्यांचं कोपऱ्याचं घर मिळालं तर प्रकल्पाचं प्रवेशद्वार थेट मोठ्या रस्त्यावर निघेल, तुमच्या गल्लीला काही त्रास होणार नाही, असं त्याचं म्हणणं. किंमतही चांगली देऊ म्हणाला. सारांनी त्याला कॉफी दिली आणि नाही म्हणून सांगितलं. गल्लीत ही बातमी फिरली तेव्हा लोकांनी सारांना देवळातल्या मूर्तीसारखं डोक्यावर घेतलं. शिक्षिकाबाईंच्या नवऱ्यानं तर त्यांच्या पायालाच हात लावला. सार संकोचून म्हणाले, "अहो, मी कुठे जाणार? हिला हे घर सोडून दुसरीकडचं न्हाणीघरसुद्धा सापडणार नाही."

आम्ही नगररचनेच्या कार्यालयात गेलो. अधिकारी मध्यमवयाचे, थकलेले होते. सारांनी सगळं मुद्देसूद मांडलं. अधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं, ही गोष्ट खरी. मग म्हणाले, "जमीन खाजगी आहे. आतल्या झाडांबद्दल माझ्या हातात फार काही नाही. पण रस्त्याची रुंदी. तुमची गल्ली अरुंद आहे. एवढ्या रुंदीच्या रस्त्यावर तेवढे मजले देता येत नाहीत. ही हरकत मी घेऊ शकतो."

सारांनी ती तिथेच लिहून दिली आणि अधिकाऱ्यांनी घेतली. नकाशा परत गेला. नवीन नकाशात उंच इमारती गेल्या, त्याऐवजी दुमजली घरांच्या रांगा आल्या. शिवाय गल्लीच्या टोकाची बकुळ सरकारी जागेत असल्यामुळे तिला हात लावायचा नाही असं ठरलं. त्या संध्याकाळी शिक्षिकाबाईंनी केसरी, म्हणजे केशरी शिरा, केला आणि सगळ्यांना वाटला. आम्ही जिंकलो असंच आम्हाला वाटत होतं. तोप जाणार होता, पण निम्मी गर्दी टळली होती आणि एक झाड वाचलं होतं. माणूस किती कमी गोष्टीवर खूश होतो, हे मला तेव्हा जाणवलं नाही.

पुढच्या वर्षी मासी महिन्यातल्या मघा नक्षत्राच्या दिवशी, म्हणजे माघी पौर्णिमेच्या सुमारास, तोप पाडला. त्या दिवशी सगळं गाव महामहम तलावावर असतं. गल्लीतली बहुतेक माणसं स्नानाला गेली होती. आम्हाला दुकान बंद ठेवता येत नाही, गर्दीत माणसांचे चष्मे पडतात, फुटतात. दुपारी सारांचा फोन आला. "अम्मा, येता का? हिला घेऊन मी एकटा पडलोय."

मी स्कूटर काढली. पूल ओलांडतानाच आकाशात काहीतरी विचित्र दिसलं. भर उन्हात वटवाघळं उडत होती. चिंचेवर शेकड्यांनी लटकलेली असायची ती. संध्याकाळी ओळीनं नदीकडे जाताना आम्ही रोज बघायचो. आता ती दिशा नसल्यासारखी गोल फिरत होती, छपरांवर, तारांवर आदळत होती. गल्लीत शिरले तर करवतींचा आवाज इतका होता की माझी स्कूटर चालू आहे की बंद हे कळेना.

सार आणि अक्का ओट्यावर बसले होते. अक्कांनी दोन्ही हात कानांवर ठेवले होते. सार त्यांच्या हातांवर स्वतःचे हात ठेवून बसले होते. मी त्यांच्या मागच्या दारातून पाहिलं. मोह आडवा झालेला होता. जांभळाचं खोड जेसीबीच्या दातांत होतं. तो तरुण इंजिनिअर पिवळी टोपी घालून उभा होता. मला पाहून त्यानं मान खाली घातली. मी त्याला काय बोलणार? परवानगी त्यांच्याकडे होती. आम्हीच तर ती दुरुस्त करून दिली होती.

संध्याकाळी लोक ओल्या कपड्यांनी परत आले आणि आपापल्या मागच्या दारात उभे राहिले. जिथे कधी दिसत नव्हतं तिथे कालवा दिसत होता. त्याच्या पलीकडची शेतं दिसत होती. कुणी रडलं नाही. शिक्षिकाबाई आमच्या मागच्या दारात येऊन म्हणाल्या, "उजेड फार झालाय हो." मग प्रत्येकानं दार लावून घेतलं.

उन्हाळा आला. सार म्हणाले होते तसंच झालं. मागच्या खोलीत दुपारी बसवेना. आम्ही एसी घेतला, मग शेजाऱ्यांनी घेतला, आणि त्यांच्या एसीची गरम हवा आमच्या खिडकीत यायला लागली. धूळ तर इतकी की दुकानात लोकांच्या काचा पुसून पुसून मी घरी यायची आणि पुन्हा स्वतःच्या काचा पुसायची. तरी बकुळ होती. अक्का परडी घेऊन जायच्या. फुलं धुळीनं माखलेली असायची, ती त्या पाण्यात घालून धुवायच्या.

आडी महिन्यात, आषाढ-श्रावणाच्या सुमारास, बिल्डरनं सांडपाण्यासाठी खोल चर खणला. तो बकुळीला लागून गेला. झाडाला हात लावला नाही. फक्त एका बाजूची मुळं कापली गेली. आम्हाला ते लक्षात आलं नाही. सारांना आलं. त्यांनी इंजिनिअरला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "सार, खाली काय आहे हे चर खणल्याशिवाय कळत नाही. माती भरून घट्ट करतो." त्यानं केलीही.

ऐप्पसीत, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, पाऊस लागला. पाऊस चार दिवस थांबला नाही आणि पाचव्या दिवशी सकाळी बकुळ गल्लीच्या दिशेनं कलली. तिचा शेंडा विजेच्या तारांवर टेकला. तार ताणली गेली, खांब वाकला. शिक्षिकाबाईंच्या घरासमोर ठिणग्या उडाल्या. वीज मंडळाची गाडी आली. त्यात दोघे जण होते, ते सारांच्या हाताखाली शिकलेले. त्यांनी प्रवाह बंद केला, झाडाभोवती फिरले आणि मग सरळ सारांच्या घरी आले.

मी तेव्हा तिथेच होते, अक्कांजवळ. दोघांपैकी मोठा म्हणाला, "सार, तुम्ही सांगा. फांद्या उतरवून बघू का?"

सार छत्री घेऊन गेले. मी मागोमाग गेले. त्यांनी खोडाला हात लावला, बुंध्यापाशी वाकून पाहिलं. एका बाजूला मुळं हवेत होती, पांढरी, कापलेली. पलीकडे शिक्षिकाबाईंची दोन मुलं खिडकीतून बघत होती. झाड पूर्ण पडलं असतं तर त्याच खिडकीवर पडलं असतं. सार उठून उभे राहिले. पावसाचं पाणी त्यांच्या छत्रीवरून खांद्यावर पडत होतं.

"फांद्या उतरवून उपयोग नाही," ते म्हणाले. "मूळच राहिलेलं नाही. खालून घ्या."

"सार..."

"खालून घ्या म्हटलं ना. पोरं आहेत समोर."

ते परत फिरले. माझ्या शेजारून जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. घरात जाऊन त्यांनी अक्कांच्या खोलीची खिडकी लावली आणि रेडिओ मोठ्यानं लावला. संध्याकाळी वीज आली. गल्लीच्या टोकाला उघडं आकाश होतं आणि एक बुंधा, तोही इंजिनिअरनं नंतर काढून टाकला, कारण लॉऱ्यांना तिथून वळायला अडचण व्हायला लागली. पुढे कालव्याच्या बांधावरून त्यांनी एक तात्पुरती वाट केली होती. आमची गल्ली आता संपत नव्हती. ती सरळ बांधकामातून जाऊन बांधावर चढायची आणि पुढे शेतांमध्ये जायची.

अक्का तरीही रोज परडी घेऊन निघायच्या. आता सार पेपर वाचत बसत नसत, बरोबर जायचे. टोकाला गेल्यावर अक्का थांबायच्या, इकडेतिकडे बघायच्या आणि सारांना विचारायच्या, "अजून आलं नाही का झाड?" सार सांगायचे, "पुढे आहे, उद्या जाऊ." हे त्यांनीच मला सांगितलं. "खरं सांगून पाहिलं एकदा," ते म्हणाले. "तिला ते दर वेळी नवीनच असतं. दर वेळी रडते. मग सोडून दिलं."

मार्गळीतल्या, ऐन थंडीतल्या एका सकाळी सार आंघोळीला गेलेले असताना अक्का निघून गेल्या.

सगळी गल्ली शोधायला बाहेर पडली. माझा नवरा पुलाकडे गेला, शिक्षिकाबाईंचे यजमान साक्कोट्टैच्या देवळाकडे. मी सारांबरोबर बांधकामात शिरले. मजूर बायका विटा वाहत होत्या. त्यांतल्या एकीनं सांगितलं की परडीवाल्या आजी सकाळी इथूनच गेल्या, बांधावरून सरळ. "आम्हाला वाटलं, कुणाच्या शेतात फुलं तोडायला जातायत," ती म्हणाली.

आम्ही बांधावरून चालत सुटलो. सारांचं वय झालेलं, दम लागत होता, पण थांबायला तयार नव्हते. "अक्का" म्हणून मी हाका मारत होते, सार त्यांच्या नावानं. डाव्या हाताला कालवा भरून वाहत होता. आम्ही दोघेही त्या पाण्याकडे बघत होतो.

दुपारनंतर फोन आला. तिरुनागेश्वरमच्या रस्त्यावर एका चहाच्या टपरीवाल्यानं त्यांना बसवून घेतलं होतं. त्यांना पत्ता सांगता आला नाही. बापाचं नाव सांगितलं आणि तिरुभुवनमला जायचंय म्हणाल्या. त्यांच्या गळ्यातल्या पट्टीवर सारांचा नंबर होता, तो टपरीवाल्याला नंतर दिसला.

आम्ही गाडी करून गेलो. अक्का बाकावर बसल्या होत्या. तळपायांना फोड आले होते, साडीचा काठ चिखलानं काळा झाला होता. सारांना त्यांनी ओळखलं नाही. मला पाहिलं आणि रिकामी परडी पुढे केली. फार ओशाळलेल्या दिसत होत्या. म्हणाल्या, "आज पडलीच नाहीत. खूप लांबपर्यंत बघितलं हो. एकही पडलेलं नाही."

मी परडी घेतली. सार टपरीच्या मागे गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

त्यानंतर दोन महिन्यांनी, एका रविवारी सकाळी सार आमच्याकडे आले. ते सहसा आमच्या घरात येत नसत, ओट्यावरूनच बोलत. त्या दिवशी आत येऊन बसले. माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मी सांगतो. घर दिलं मी."

"कुणाला?" मी विचारलं. विचारतानाच मला कळलं होतं.

"त्यांनाच. दुसरा कोण घेणार?" ते म्हणाले. "मुलगी त्रिचीला बोलावतेय. तिथे दिवसभर माणूस ठेवता येईल. इथे दाराला कुलूप लावून मी हिला कोंडून ठेवतो अम्मा. ती आतून दार ठोकते. मला आंघोळीलासुद्धा जायची भीती वाटते. डॉक्टर म्हणाले होते वाट बदलू नका. मी नाही बदलली. तुम्ही पाहिलंत. मी काही बदललं नाही."

 माझा नवरा म्हणाला, "मग आतां रस्ता मोठा होईल त्यांचा."

"होय," सार म्हणाले. "दार मोठ्या रस्त्यावर निघालं की नकाशा पुन्हा जाईल. मजले वाढतील. मला ठाऊक आहे. ती हरकत मीच लिहिली होती."

गल्लीला कळायला वेळ लागला नाही. ज्या माणसाच्या पायांना हात लावले होते त्याच्याशी लोक बोलेनासे झाले. कुणी म्हणालं, आधीपासून भाव वाढवायलाच आंदोलन केलं. शिक्षिकाबाई माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "त्यांना पोचवायला तुम्ही जाणार असाल तर जा, मी दार उघडणार नाही." मी त्यांना अक्कांबद्दल सांगायचा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, "प्रत्येकाच्या घरात काहीतरी आहे हो. माझ्या पोरांना दमा आहे या धुळीनं. मी कुठे घर विकलं?" तेही खोटं नव्हतं. मला दोन्हीकडचं खरं वाटत होतं आणि त्याचा कुणालाच उपयोग नव्हता.

सामान निघालं त्या दिवशी गल्लीत फक्त आमचं दार उघडं होतं. मी इडल्या बांधून नेल्या. अक्का गाडीत मागे बसल्या होत्या, खिडकीला डोकं टेकून. मी हात धरला तर त्यांनी तो धरू दिला. मग शेजारी बसलेल्या मुलीला विचारलं, "कोण गं ह्या?" मुलीनं माझं सांगितलं. अक्का हसल्या, परक्या माणसाकडे बघून हसावं तसं. सार पुढे बसले. गाडी सुरू झाल्यावर ते खिडकीतून बाहेर वाकले, मला वाटलं काहीतरी सांगायचंय. पण त्यांनी फक्त काच वर केली.

कोपऱ्यावरचं घर पाडायला एक दिवस पुरला. तिथे आता कमान आहे, गुरखा आहे, गाड्यांसाठी वर-खाली होणारा दांडा आहे. आत पाच-पाच मजल्यांच्या इमारती आहेत. दुमजली घरांच्या रांगा नकाशावरच राहिल्या. पाणी आम्हाला एक दिवसाआड येतं. कालव्यात फेस असतो. ज्यांनी फ्लॅट घेतले ती माणसं वाईट नाहीत. बँकेतली, शाळेतली, दवाखान्यातली माणसं आहेत. बरीचशी माझ्याच दुकानात डोळे तपासायला येतात. त्यांतल्या एका तरुण बाईनं मला परवा सांगितलं की फ्लॅट खूप छान आहे, फक्त उन्हाळ्यात फार तापतो, आजूबाजूला एकही झाड कसं नाही कोण जाणे. मी तिच्या डोळ्यांत थेंब घातले आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसा म्हटलं.

सारांचा फोन आधी बरीच वर्षं महिन्यातून एकदा यायचा. अक्का आता चालत नाहीत, एवढंच सांगायचे. गल्लीबद्दल काही विचारत नसत. गेल्या वर्षी तो फोनही थांबला. मी लावला तर मुलीनं उचलला. अप्पांना आता बोलायला आवडत नाही, म्हणाली.

गेल्या आठवड्यात तो इंजिनिअर आमच्याकडे आला. आता त्याचे केस थोडे पिकलेत. दुसऱ्या टप्प्याचं काम सुरू होणार आहे, गल्लीतली आमच्या ओळीतली तीन घरं त्यांना हवी आहेत. शेजारचे दोघे तयार आहेत, असं त्यानं खाली मान घालून सांगितलं. त्यांतलं एक घर शिक्षिकाबाईंनी गेल्या वर्षीच मुलासाठी घेतलेलं. माझ्या नवऱ्यानं त्याला कॉफी दिली. घराबद्दल, आमच्या गुडघ्यांबद्दल, दुकान आणखी किती वर्षं चालवणार याबद्दल बोलणं झालं. मागच्या खोलीतला एसी घरघरत होता.

उठताना तो म्हणाला, "घाई नाही अम्मा. विचार करून सांगा."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो कपबश्या उचलत होता. आम्ही दोघांनीही नाही म्हटलं नाही.